लग्नाची पैठणी पारखताना

प्रश्न : माघात मुलीचे लग्न आहे. तिला नऊवारी पैठणी हवी आहे. परंतु एकसारख्या दिसणाऱ्या साड्यांच्या किमतींत फार तफावत आढळते. हातमागाची पैठणी कशी ओळखावी?
– एक वाचक, सातारा

उत्तर : सर्वप्रथम पदर उलटा करून पाहावा. हातमागावर मोर, पोपट किंवा कमळ विणताना प्रत्येक रंगाचा धागा स्वतंत्रपणे शेजारच्या धाग्यात अडकवला जातो, त्यामुळे नक्षी मागूनही पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते. यंत्रमागाच्या साडीत मात्र मागे सुटे किंवा कापलेले धागे दिसतात. हा एक पदर नीट पाहिला, तरी अर्धी शंका फिटते. रेशमासाठी सिल्क मार्क, म्हणजे शुद्ध रेशमाची खूण, पाहावा, आणि जरीचा धागा चांदीचा आहे की साधा, हे पावतीवर लिहून घ्यावे, कारण किमतीतील बराचसा फरक तिथेच असतो.

तयार पैठण्या बहुधा सहावारी असतात. नऊवारीला आठ मीटरांहून अधिक लांबी लागत असल्याने ती येवल्यात किंवा पैठणला सांगून विणून घेणे उत्तम. मात्र भरगच्च पदराला काही महिने लागू शकतात, म्हणून मागणी आत्ताच नोंदवावी. रंग मुलीलाच निवडू द्यावा, आणि तोही दिवसाच्या उजेडात, कारण धूपछाव, म्हणजे दोन रंगांची झाक असलेले, रेशीम दुकानातील दिव्यांखाली निराळे भासते.

आणखी एक आग्रहाची विनंती : सोयीसाठी ही पैठणी कापून शिवून घेऊ नये. घरातील जाणत्या बाईकडून ती नेसवून घ्यावी, म्हणजे पुढेही ती अखंड राहील.