जुनी भांडी शोधायला निघताय? आधी एवढं बघा

पहिल्याच फेरीत कपाट भरायचं नाही. सुरुवात तांब्या-पितळेपासून करा. ठाण्यातल्या भांड्यांच्या दुकानांत लोक जुनी भांडी मोडीत घालतात. दुकानदाराशी ओळख वाढवा, म्हणजे ती वितळायला जाण्याआधी बघायला मिळतील. मुरबाड-शहापूरकडचे भंगारवालेही सोडू नका.

भांडं हातात आलं की:

- लोहचुंबक लावा. चिकटलं तर आत लोखंड, वर नुसता मुलामा.
- उलटंपालटं करून सांधा बघा. हातघडणीच्या जुन्या हंड्या-घागरींना बरेचदा दातेरी सांधा असतो, बोटांत बोटं गुंतवल्यासारखा. तो दिसला की मला अजूनही हरखायला होतं! काठाखाली ठिपक्यांनी घातलेलं नाव, गाव असेल तर सोडूच नका.
- मोडीचा त्या दिवशीचा दर माहीत असल्याशिवाय भाव करू नका.

नवखे फसतात ते हिरव्या डागांना. तो हिरवेपणा आम्ल लावून मुद्दाम आणता येतो. आणि घरी आणल्या आणल्या घासून लखलखीत करू नका. धुवा, पुसा, ठेवा. रांधायला वापरणार असाल तर आधी कल्हई.

जुन्या देवमूर्तींच्या वाटेला सध्या जाऊच नका. १०० वर्षांवरची मूर्ती १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते, तिची नोंदणी लागते.