सीटवाला चाकाचा वॉकर घेताना आधी ब्रेक बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आईंचं वय ७४, उंची चार फूट अकरा इंच, दोन्ही गुडघे झिजलेले. पाच-सात मिनिटं चाललं की कुठेतरी टेकावं लागतं. घर नाशिकच्या कॉलेज रोडला, लिफ्टच्या इमारतीत. त्यांना कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर जायचंय आणि अधूनमधून पंचवटीत काळारामाच्या दर्शनालाही. ऑनलाइन सीटवाले वॉकर बघितले तर सगळे सारखेच दिसतात, तर कोणता घ्यावा?

मी फिजिओथेरपीचं काम करतो आणि या साधनाशी माझा रोजचा संबंध येतो. सीट, गादी, टोपली, रंग हे सगळं नंतर. आधी ब्रेक बघा. चाकांवर बसवलेली सीट ब्रेकइतकीच भरवशाची असते, आणि तो ब्रेक दाबायचाय आईंच्या बोटांनी, तुमच्या नाही. म्हणून शक्य असेल तर त्यांना बरोबर घेऊन दुकानात जा.

त्याआधी एक गोष्ट तपासा. चार चाकांचा वॉकर, ज्याला दुकानदार रोलेटर म्हणतात, दम लागणाऱ्या, लवकर थकणाऱ्या, तोल थोडाफार डळमळणाऱ्या माणसासाठी असतो. ज्यांना पूर्ण भार हातांवर टाकून चालावं लागतं त्यांच्यासाठी तो नाही. भार टाकला की तो पुढे पळतो. आईंना काहीही न धरता आठ-दहा सेकंद उभं राहता येतं का? तुमच्या हाताला नुसता हात लावून घरात चालता येतं का? दोन्ही जमत असेल तर पुढे जा. गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल, एका हाताला अर्धांगवायूचा अशक्तपणा असेल, पार्किन्सनमुळे पावलं आपोआप भरभर पडत असतील किंवा ब्रेक लावायचं लक्षात राहत नसेल, तर हा वॉकर स्वतःहून घेऊ नका. डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवून ठरवा. अशा बऱ्याच जणांना बिनचाकाचा किंवा फक्त पुढे दोन चाकं असलेला वॉकर जास्त सुरक्षित पडतो. उभं राहिल्यावर चक्कर येत असेल तर आधी बसून आणि उभ्याने रक्तदाब मोजून घ्या.

आता मापं. हे साधन मूळचं स्वीडनचं. पोलिओ झालेल्या आयना विफाल्क यांनी १९७८ मध्ये ते तयार केलं. आजही बरीच मॉडेलं तिकडच्या उंचीच्या हिशोबाने बनतात. चार फूट अकरा इंचाच्या बाईला त्यातली बरीच उंच पडतात, आणि नेमकं हेच फोटोत कळत नाही.

आईंना रोजची चप्पल किंवा बूट घालून ताठ उभं करा, हात सैल सोडायला सांगा आणि मनगटावरच्या घडीपासून जमिनीपर्यंत टेप लावा. वॉकरच्या मुठीची उंची तेवढीच हवी. त्यांच्या उंचीला हे माप साधारण ७२ ते ७५ सेंटीमीटर येईल. मूठ धरल्यावर कोपर थोडं वाकलेलं, १५ ते ३० अंशांत असावं. बऱ्याच मॉडेलांची मूठ सगळ्यात खालच्या भोकावर आणली तरी ७८-८० च्या खाली उतरत नाही. मग खांदे वर उचलले जातात, मान आखडते आणि ब्रेक दाबायला मनगटात जोर राहत नाही. विकणाऱ्याला ‘ॲडजस्टेबल आहे का’ असं विचारून भागत नाही. ‘सर्वांत कमी किती सेंटीमीटर’ असं विचारा.

दुसरं माप सीटचं. खुर्चीवर बसवून गुडघ्यामागच्या घडीपासून जमिनीपर्यंत मोजा. आईंचं हे माप ३८ ते ४० सेंटीमीटरच्या आसपास असेल. गुडघे झिजलेल्या माणसाला थोड्या उंच सीटवरून उठायला सोपं जातं, म्हणून मोजलेल्या मापापेक्षा पाच-सात सेंटीमीटर जास्त चालेल, म्हणजे ४३ ते ४७. पण बाजारात ५२-५४ सेंटीमीटरच्या सीटा भरपूर आहेत. त्यावर बसायला आईंना टाचा उचलून मागे उडी मारल्यासारखं करावं लागेल, आणि त्या धक्क्याने लॉक असलेला वॉकरसुद्धा मागे घसरू शकतो. बसल्यावर दोन्ही टाचा जमिनीला टेकल्याच पाहिजेत. यात तडजोड नको. ताणलेल्या कापडाची सीट वजनाला हलकी असते, पण मध्ये खोल जाते आणि उठताना गुडघ्यांवर ताण येतो. तुमच्या आईंसाठी मी खाली फळी असलेली, वर पातळ गादीची सीट घेईन. मागे पाठीचा पट्टा असेल तर त्याचा आधार जरूर घ्या, पण रेलायला नाही.

तिसरं माप घराचं. वॉकरची पूर्ण रुंदी ५८ ते ६५ सेंटीमीटर असते. दार पूर्ण उघडून, पल्ल्याची जाडी सोडून उरलेली मोकळी जागा मोजा. खोल्यांची आणि लिफ्टची दारं बहुधा पुरतात, अडतं ते बाथरूमचं दार. तसाही ओल्या बाथरूममध्ये हा वॉकर न्यायचा नाही. तिथे भिंतीला दांडे बसवा. उंबरा एक इंचाचा असेल तर बारा इंच लांबीची लाकडी उताराची पट्टी करून घ्या. सुतार तासाभरात करून देतो.

आता ब्रेककडे येऊ. दोन्ही मुठींखाली सायकलसारखी दांडी असते. वर ओढली की मागची चाकं धरली जातात, खाली ढकलली की ‘टक’ आवाज होऊन लॉक होतात. दुकानात आईंना हे स्वतः करू द्या. दोन गोष्टी बघा. बोटं वळवून दांडीपर्यंत पोचतात का? संधिवाताच्या बोटांना मूठ आणि दांडीतलं अंतर जास्त वाटतं. आणि अंगठ्याच्या मुळाशी दुखल्याशिवाय लॉक होतं का? मग दोन्ही ब्रेक लॉक करून तुम्ही मागून जोरात ढकला. मागची चाकं फिरता कामा नयेत. फार तर फरशीवर जशीच्या तशी घसरतील. एक फिरतंय आणि दुसरं नाही असं असेल तर तार सैल आहे. तिथेच नीट करून मागा.

वजन टाकल्यावर आपोआप दाबले जाणारे ब्रेकही मिळतात. हातात बळ नसलेल्यांना ते बरे वाटतात, पण थकल्यावर माणूस नकळत वजन टाकतो आणि वॉकर मध्येच थांबतो. आईंच्या बोटांत जोर असेल तर दांडीचेच घ्या.

ब्रेक बिघडतो कसा, तर तार नवीन असताना पहिल्या काही आठवड्यांत थोडी ताणते, ब्रेकशू, म्हणजे चाकावर दाबला जाणारा तुकडा, चाकापासून लांब जातो आणि दाबूनही पकड येत नाही. तारेवर, मुठीजवळ किंवा मागच्या चाकाजवळ, पिळाचा छोटा ॲडजस्टर आणि त्याला अडवणारा नट असतो. नट सैल करा, ॲडजस्टर अर्धा आटा बाहेर काढा, ब्रेक तपासा, पुन्हा अर्धा आटा, आणि शेवटी नट घट्ट करा. ब्रेक सोडलेला असताना शू आणि चाकात दीड-दोन मिलिमीटर फट राहिली पाहिजे. चाक घासत फिरत असेल तर जास्त ताणलंय. हे कुठलाही सायकलवाला करून देतो. पावसाळ्यात मात्र एवढ्याने भागत नाही. शू थेट टायरवर दाबतो, त्यामुळे ओलं चाक कमी धरलं जातं. पावसातून आलात की चाकं आणि शू कोरड्या फडक्याने पुसा. एरवीही आसाजवळ गुंडाळलेले केस आणि साडीचे दोरे महिन्यातून एकदा काढत जा.

चाकं आठ इंचांपेक्षा लहान नकोत. सहा इंची चाक पेव्हर ब्लॉकच्या फटीत, उखडलेल्या काठावर किंवा झाडाच्या मुळाशी अडकतं, पुढची चाकं एकदम थांबतात आणि माणूस वॉकरवर पुढे झुकतो. मोठं चाक तोच उंचवटा अलगद चढतं. टायर मऊ रबराचा हवा. कडक प्लास्टिकचा गुळगुळीत फरशीवर सरकतो. जॉगिंग ट्रॅकच्या कोरड्या मातीवर आठ इंची चाक चांगलं चालतं. चिखल असेल त्या दिवशी जाऊ नका. फुटपाथचा उंच काठ कुठलाही वॉकर चढत नाही, तिथे फाटकासमोरच्या उतारावरूनच जावं लागतं.

काळारामाला जाताना वॉकर पायऱ्यांपर्यंतच न्या. पुढे तुमचा हात आणि त्यांची काठी. एकाने घडी घातलेला वॉकर सांभाळायचा. गोदाघाटावर मात्र नेऊ नका. ओला दगड, शेवाळ, नदीकडे उतार आणि गर्दीचा रेटा, चारही गोष्टी चाकांच्या विरोधात आहेत.

रिक्षातून न्यायचा तर वजन महत्त्वाचं. ॲल्युमिनियमचा साधारण ६ ते ८ किलो, लोखंडी ९ ते ११. उचलणारे तुम्ही असाल, पण तुम्ही नसताना वडील किंवा शेजारच्या काकू उचलतील, म्हणून ॲल्युमिनियमचाच बघा. दोन्ही बाजू जवळ येऊन उभी घडी होणारा प्रकार रिक्षात पायांपुढे मावतो. वजन पेलण्याची क्षमता १०० किलो लिहिलेली असली तरी आईंना पुरेशी आहे. त्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

चालायची पद्धत पहिल्या दिवसापासून नीट हवी. बहुतेक जण भाजीची हातगाडी ढकलल्यासारखे लांबून, वाकून चालतात. मग कंबर दुखते आणि वॉकर पळाला की त्याच्या मागे धावावं लागतं. पावलं मागच्या दोन चाकांच्या मध्ये पडली पाहिजेत, नजर समोर. साडी नेसत असतील तर निऱ्या जमिनीपासून दोन बोटं वर ठेवा आणि पदर खोचून घ्या. इमारतीच्या पार्किंगचा उतार उतरताना ब्रेक हलके दाबत यायचं, आणि उतारावर कधीही बसायचं नाही.

बसताना सपाट जागा बघायची, जमलं तर वॉकरची पुढची बाजू भिंतीला टेकवायची. दोन्ही ब्रेक लॉक. मुठींना धरून हळूहळू वळायचं, पिंढऱ्यांना सीट लागेपर्यंत मागे यायचं, मग मुठींवर हात ठेवून सावकाश टेकायचं. उठताना आधी सीटच्या कडेला सरकायचं, पावलं मागे घ्यायची, मुठींवर जोर देऊन उठायचं, नीट उभं राहिल्यावरच लॉक काढायचं. घरच्या सोफ्यावरून उठताना मात्र जोर सोफ्याच्या हातांवर द्यायचा. वॉकर धरून स्वतःला ओढलं की तो अंगावर येतो.

आणि घरातल्या सगळ्यांना बजावून सांगा: आईंना सीटवर बसवून ढकलायचं नाही. पाय ठेवायला जागा नसते, एक टाच जमिनीला अडली की पाय मुरगळतो किंवा वॉकर मागे कलंडतो. लांब जायचं असेल तर व्हीलचेअर वेगळी घ्या. मुठींना भाजीच्या पिशव्याही लटकवू नका. सामान सीटखालच्या पिशवीत, तेही चार-पाच किलोपर्यंत.

दुकानदाराला विचारा: ब्रेकची तार, शू आणि चाक सुटं मिळेल का? उत्तर ‘नाही’ असेल तर तो स्वस्त वॉकर वर्षभरात अडगळीत जाईल. ऑनलाइन घेतलात तर खोकं फाडू नका, परत करायची मुदत बघा आणि आधी घरातच चालवून बघा. मुठीच्या नळीचा बोल्ट दोन्ही बाजूंना एकाच क्रमांकाच्या भोकात, आरपार गेलाय ना, हे वापरायच्या आधी हाताने हलवून तपासा.

पैशांची अडचण असेल तर राज्य सरकारच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील, वार्षिक कौटुंबिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्या ज्येष्ठांना साधनांसाठी एकदाच ३००० रुपये थेट बँक खात्यात देण्याची तरतूद आहे. चांगल्या रोलेटरला तेवढे पुरत नाहीत, पण भार हलका होतो. अर्ज सध्या घेताहेत का ते समाजकल्याण कार्यालयात विचारा, आणि जाताना आधार कार्ड व आईंच्या बँक पासबुकाची झेरॉक्स बरोबर ठेवा.