टॅबमध्ये कस्टम रॉम (कंपनीऐवजी दुसऱ्यांनी बनवलेलं अँड्रॉइड) टाकल्यावर स्क्रीनचं रोटेशन बंद पडलंय?
अरे, आधी रॉमला शिव्या देऊ नकोस. ऑटो रोटेट चालू आहे ना बघ, मग कॉम्प्युटरला जोडून एडीबी शेलमध्ये (कॉम्प्युटरवरून टॅबला कमांड द्यायची सोय) dumpsys sensorservice ही कमांड मार, सेन्सरची लिस्ट येईल, लिस्टमध्ये ॲक्सेलरोमीटर (टॅब कसा धरलाय ते ओळखणारा सेन्सर) दिसतोय पण आकडे हलत नाहीत तर कॅलिब्रेशनचा (सेन्सरच्या अचूक मापासाठीच्या सेटिंगचा) घोळ असू शकतो, आणि लिस्टच रिकामी असेल तर बहुतेक ड्रायव्हर किंवा हॅल फाइल (अँड्रॉइड आणि हार्डवेअर यांना जोडणारी) लोडच झाली नाहीये, लॉगकॅटमध्ये (अँड्रॉइडच्या नोंदींमध्ये) सेन्सर शोधलंस की एरर सापडेल. क्वालकॉमची चिप असलेल्या बऱ्याच टॅबमध्ये कॅलिब्रेशन पर्सिस्ट पार्टिशनमध्ये (स्टोरेजच्या एका वेगळ्या भागात) असतं, त्याचा बॅकअप आधी घे, आणि दुसऱ्याच्या टॅबचं पर्सिस्ट तर अजिबात फ्लॅश करू नकोस (म्हणजे आपल्या टॅबवर लिहू नकोस), काही मॉडेलमध्ये वायफायचा मॅक ॲड्रेसपण (नेटवर्कवरची टॅबची स्वतःची ओळख) तिथेच असतो. चुंबकवालं कव्हर काढूनच टेस्ट कर, होकायंत्र त्यानेच वेडं होतं.