हात पुढे करणारे आणि एकत्र जमणारे: गोव्यातील नियमांविषयी प्रश्नोत्तरे

फेरीवाले, भिकारी, पर्यटकांना गाठणारे दलाल, मोर्चे आणि जत्रांमधील गर्दी यांविषयीचे नियम नव्याने करावेत, अशा आशयाची पत्रे या सदराकडे येतात. त्यांतील पाच पत्रे संक्षिप्त करून, त्यांना दिलेल्या उत्तरांसह येथे देत आहे.

प्रश्न: मी म्हापशाच्या बाजारात अनेक वर्षे भाजी विकते. सोपो भरते, पावतीही मिळते. तरीही अधूनमधून माल उचलून नेतात. मग सोपो घेतात कशाला? (भाजीविक्रेती, म्हापसा)

सोपो हे बाजारातील जागा वापरल्याबद्दलचे शुल्क आहे आणि पुष्कळ ठिकाणी ते ठेकेदारामार्फत वसूल होते. त्यामुळे सोपोची पावती म्हणजे परवाना नव्हे, हे पालिकेचे म्हणणे कायद्याला धरूनच आहे. मात्र त्याच पालिकेवर २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने काही बंधने घातली आहेत आणि ती सोयीस्करपणे विसरली जातात. या कायद्यानुसार शहरात पथविक्रेत्यांविषयीची समिती असावी लागते, तिचे किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी आपल्यातून निवडलेले असावे लागतात आणि त्यांपैकी एक तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. समितीने पाच वर्षांतून किमान एकदा सर्वेक्षण करावयाचे असते, आणि ते पूर्ण होऊन विक्रेत्यांना प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणालाही हटवता येत नाही.

माल जप्त करण्याची वेळ आलीच, तर त्याची यादी करून तिची सही केलेली प्रत विक्रेत्याला द्यावी लागते. नाशवंत माल, म्हणजे आपली भाजी, मागणी केल्याच्या दिवशीच आणि इतर माल दोन कामकाजाच्या दिवसांत परत करावा लागतो. त्यासाठी ठरलेले शुल्क मात्र भरावे लागते. यादी न देता टेम्पोत भरून नेलेला माल ही कायदेशीर जप्ती होत नाही.

सोपोच्या पावत्या वर्षवार लावून जपून ठेवाव्यात. त्यांना परवान्याचे मोल नसले तरी आपण त्या जागी किती वर्षे बसता, याचा त्यांच्याइतका चांगला पुरावा दुसरा नाही. याच कायद्याच्या परिशिष्टात असेही म्हटले आहे की, ज्या नैसर्गिक बाजारात, म्हणजे विक्रेते आणि ग्राहक परंपरेने एकत्र येत आलेल्या जागी, पथविक्रेते ५० वर्षांहून अधिक काळ व्यवसाय करीत आले आहेत, तो वारसा बाजार म्हणून जाहीर करावा आणि तेथील विक्रेत्यांना हलवू नये. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराविषयी नियम करताना ही तरतूद सर्वांत आधी वाचली जावी, असे मला वाटते.

प्रश्न: किनाऱ्यावर दलाल, फेरीवाले आणि भिकारी पर्यटकांना हैराण करतात. सर्वांना एकदमच बंदी घालणारा एक कडक नियम का करत नाहीत? (अतिथिगृहचालक, कळंगुट)

दंड पुरेसा कडक आहे. पर्यटनस्थळांच्या संरक्षणाविषयीचा गोव्याचा कायदा २००१ चा असून २०२५ च्या दुरुस्तीने उपद्रवासाठीचा दंड ५ हजारांपासून १ लाख रुपयांपर्यंत नेला. अडचण आहे ती तिघांना एकाच मापाने मोजण्याची. पथविक्रेता कायदा शहरी संस्था डोळ्यांसमोर ठेवून केलेला आहे आणि कळंगुट पंचायतीत मोडते. म्हणून म्हापशाच्या भाजीविक्रेतीला जे संरक्षण मिळते, ते आपल्या वाळूवर माळा विकणाऱ्याला तसेच्या तसे मिळेल असे नाही. दलालाचा प्रश्न तर निराळाच आहे. तो बहुधा कोणाच्या तरी बोटीसाठी किंवा दुकानासाठी काम करतो, म्हणून दंडाची पावती त्या व्यावसायिकाच्या नावे फाटल्याखेरीज हा प्रकार थांबणार नाही. किनारपट्टीवरील व्यावसायिक या मुद्द्यावर फारसे बोलत नाहीत, हेही येथे नमूद करतो.

भीक मागण्यास प्रतिबंध करणारा गोवा, दमण आणि दीवचा कायदा १९७२ चा आहे. अशाच धर्तीच्या मुंबई कायद्यातील, भीक मागणे हाच गुन्हा ठरवणाऱ्या तरतुदी दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिल्लीपुरत्या रद्द केल्या आणि जम्मू-काश्मीर उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तेथील कायदा रद्द केला. हे निकाल गोव्यावर बंधनकारक नाहीत, परंतु मुंबई उच्च न्यायालयाच्या पर्वरीच्या खंडपीठासमोर ते आधार म्हणून मांडता येतात. त्यामुळे आज नवा नियम लिहिणाऱ्याने वाट अडवणे, अंगाला हात लावणे, नकार दिल्यावरही पाठलाग करणे या कृती नेमक्या शब्दांत मनाई कराव्यात. मुकाट्याने बसलेल्या म्हाताऱ्याला त्यात ओढू नये. मुलांना भीक मागायला लावणाऱ्यांना मात्र दयामाया नको. बालन्याय कायद्याखाली त्यासाठी ५ वर्षांपर्यंत कारावास आणि १ लाख रुपये दंड आहे.

प्रश्न: जमावबंदीचा आदेश वारंवार निघतो. सभा घेण्याचा हक्क आहे की परवानगीची मेहेरबानी? (निवृत्त शिक्षक, मडगाव)

हा प्रश्न मडगावहून यावा, हे योग्यच झाले. १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहिया आणि डॉ. जुलियांव मिनेझिस यांनी आपल्याच गावात, पोर्तुगीज सरकारची परवानगी न घेता सभा घेण्याचे धाडस केले. ती जागा आज लोहिया मैदान म्हणून ओळखली जाते.

संविधानाच्या १९व्या अनुच्छेदाने शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र येण्याचा हक्क दिला आहे. सार्वजनिक रस्त्यावरील सभांचे नियमन करता येते, पण त्या सरसकट बंद करण्याची मोकळीक अधिकाऱ्याला देता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या हिंमतलाल शहा प्रकरणात १९७२ मध्येच सांगितले. उलटपक्षी, सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवून ठेवता येत नाही, असे दिल्लीच्या शाहीनबाग आंदोलनाच्या प्रकरणी त्याच न्यायालयाने २०२० मध्ये ठरवले. पणजीत सभा-मोर्च्यांसाठी आझाद मैदान निश्चित करून देणे या दोन्ही निकालांत बसते. मात्र मोर्चा कोणाच्या दृष्टीसही पडणार नाही अशी जागा नेमून देणे बसणार नाही.

जमावबंदीचे जुने १४४ कलम १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचे १६३ कलम झाले आहे. दंडाधिकाऱ्याचा असा आदेश दोन महिन्यांहून अधिक चालत नाही. राज्य सरकारला तो आणखी सहा महिन्यांपर्यंत वाढवता येतो. तेच ते आदेश पुन्हा पुन्हा काढणे हा अधिकाराचा दुरुपयोग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये अनुराधा भसीन प्रकरणात म्हटले. तेव्हा आदेश हाती पडला की प्रथम तारीख आणि कारण वाचावे, आणि कारण मोघम असेल तर तो रद्द करण्यासाठी त्याच दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करावा. तशी सोय त्याच कलमात आहे.

प्रश्न: जत्रा ही श्रद्धेची गोष्ट आहे. तिला मोर्च्याचे नियम कसे लागू करता येतील? (देवस्थान समितीचे सदस्य, डिचोली तालुका)

मोर्च्याचे लावू नयेत, गर्दीचे मात्र लावावेच लागतील. ३ मे २०२५ च्या पहाटे शिरगावच्या श्री लईराई देवीच्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन भाविक मृत्युमुखी पडले, हे आपल्या तालुक्याला नव्याने सांगायला नको. अशा गर्दीत बहुतेक माणसे तुडवली जाऊन मरत नाहीत. चहूबाजूंनी दाब आल्याने छाती फुगू शकत नाही आणि श्वास कोंडतो. एका चौरस मीटरमध्ये पाचाहून अधिक माणसे झाली की हालचाल माणसाच्या हाती राहत नाही, आणि उतारावर एक जण पडला तरी मागची रांग त्याच्यावर कोसळते.

म्हणून परवानगीच्या अर्जाबरोबर जागेचा नकाशा, येण्याचे व जाण्याचे वेगळे मार्ग, रुग्णवाहिकेची मोकळी वाट आणि प्रवेश केव्हा थांबवायचा याचा आकडा मागितला जावा. देवळाकडे जाणाऱ्या अरुंद वाटेच्या दोन्ही बाजूंना फेरी, म्हणजे जत्रेतील दुकानांचा बाजार, भरते, ती प्रथम मागे सरकवावी. दुकानांच्या जागांचे पैसे देवस्थानाला मिळत असतील, तर त्या वाटेची रुंदी राखण्याची जबाबदारीही देवस्थानाचीच. धोंडांच्या, म्हणजे लईराई देवीच्या व्रतस्थ भक्तांच्या, व्रताला या कशानेही बाधा येत नाही.

प्रश्न: दिवाळीत जाळल्या जाणाऱ्या नरकासुराच्या पुतळ्यासाठी वर्गणी न दिल्यास मुले गाडी अडवतात आणि रात्रभर संगीत वाजवतात. तक्रार कोणाकडे करावी? (गृहिणी, फोंडा)

पोलिसांकडे. वर्गणी ऐच्छिक असते. धाक दाखवून घेतली तर ती खंडणी ठरू शकते. ध्वनिक्षेपकाला रात्री १० ते सकाळी ६ बंदी आहे. राज्य सरकार वर्षातून फार तर १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते, परंतु मध्यरात्रीनंतर उघड्यावर वाजवायला कोणताही सण अपवाद नाही. तक्रार करताना वेळ, ठिकाण आणि आवाज किती वाजेपर्यंत चालला हे लिहावे. तक्रार मराठीतही देता येते. तिची पोच मात्र घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नये.