सावकाराचा तगादा आणि कायदा: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: लालबागला पोळीभाजी केंद्र चालवते. ओळखीतल्या एकाकडून ४०,००० रुपये महिना दहा टक्क्यांनी घेतले. सोळा महिन्यांत ६४,००० दिले, तरी तो म्हणतो मुद्दल तसंच आहे. कोऱ्या स्टॅम्प पेपरवर सही घेतलीय.

उत्तर: ताई, आधी हिशेब करू. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली शेतकरी नसलेल्या कर्जदाराच्या विनातारण कर्जाला परवानाधारक सावकारालाही वर्षाला १८ टक्क्यांवर व्याज घेता येत नाही. म्हणजे सोळा महिन्यांचं व्याज ९,६००. मुद्दल धरून ४९,६००. तुम्ही त्याहून जास्त देऊन बसलात! शिवाय व्याज मुद्दलापेक्षा जास्त घेता येत नाही. ही आपली जुनी दामदुपटच, २०१४च्या कायद्यातही आहे. चक्रवाढ तर नाहीच.

त्याच्याकडे परवाना आहे का, हे विचारा. विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा ५०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अशा सावकाराला कोर्टातून वसुलीचा हुकूमनामाही मिळत नाही. कोरा कागद सही करून घेणं हाही गुन्हाच. तक्रार सहकार खात्याच्या निबंधकांकडे करा. सोसायटीच्या भांडणांसाठी आपण जातो तेच खातं. जीपेचे स्क्रीनशॉट, वहीतल्या नोंदी, सगळं सोबत न्या. रोख दिलं असेल तर कुणासमोर दिलं ते आठवून लिहून काढा. इथेच बहुतेकांची केस लंगडी पडते.

प्रश्न: अंधेरीला नोकरी करतो. फायनान्स कंपनीचे दोन हप्ते चुकले. एजंट रात्री दहाला फोन करतात, ऑफिसातल्यांनाही. सावकारी कायदा लावता येईल?

उत्तर: नाही. रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या वित्त कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू नाहीत, असं सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये सांगितलं. पण म्हणून त्यांना मोकळं रान नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी नि संध्याकाळी सातनंतर करायचे नाहीत, चारचौघांत अपमानही करायचा नाही. कंपनीला लेखी तक्रार द्या. तीस दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. धमकी आली तर थेट पोलीस ठाणं. हप्ते मात्र माफ होत नाहीत, ते तुमचेच.

प्रश्न: वडील गेले. त्यांच्या क्रेडिट कार्डाची बाकी मी भरायची का?

उत्तर: त्यांच्याकडून जे वारसाने मिळालं तेवढ्यापुरतीच. काहीच मिळालं नसेल तर तुमच्या पगारातून नाही. फोनवर ‘भरतो’ म्हणू नका, कसल्याही कागदावर सही नको.

प्रश्न: जप्तीत माझं शिलाई मशीन नेतील?

उत्तर: कोर्टाच्या हुकमाशिवाय घरात शिरून कुणी सुई उचलू शकत नाही. हुकूम असला तरी कारागिराची हत्यारं जप्तीतून वगळलेली आहेत. शिवणावर पोट असेल तर मशीन त्यातच येतं, हे बेलिफाला तिथल्या तिथे सांगा.