झाड हिरवंगार, पण रास्पबेरीचा हातातच भुगा

प्रश्न: काका नमस्कार, मी सिएटलजवळ बॉथेलला राहते. मागच्या कुंपणालगत रास्पबेरीची रांग आहे, पाच वर्षांपूर्वी शेजारच्या आजींनी मीकर जातीची सात-आठ रोपं दिली होती. सुरुवातीला काय सुंदर फळं यायची, मुलं झाडावरचीच खायची. पण गेली दोन वर्षं फळ तोडायला गेलं की दोन-चार दाणे बोटांत, बाकीचे खाली. झाडं मात्र उंच, हिरवीगार. कंपोस्ट घातलं, खत डबल केलं, पाणी वाढवलं, फरक शून्य. चुकतंय कुठे? आणि मैत्रिणींना फुटवे द्यायचं कबूल केलंय, देऊ ना?

उत्तर: ताई, आधी खत थांबवा. इतकी जोमदार झाडं उपाशी नाहीयेत, जास्त नायट्रोजनने नुसता पाला वाढेल.

आपलं सीताफळ आठवा. त्याचा एकेक डोळा म्हणजे फुलातल्या वेगळ्या स्त्रीकेसरापासून झालेला भाग, आणि पराग नीट पोचला नाही की फळ एका बाजूने दबलेलं, वाकडं होतं. रास्पबेरीचंही तसंच, एका फुलात शंभराच्या आसपास स्त्रीकेसर असतात आणि प्रत्येकाचा एक दाणा होतो. हे दाणे बारीक केसांनी एकमेकांना धरून असतात, त्यामुळे मधले थोडे जरी भरले नाहीत तरी पकड जाते आणि फळ सुटतं.

आता दाणे का भरत नाहीत, तर कारणं दोन-तीन आहेत. फुलं असताना पाऊस-थंडी लागली, मधमाश्या आल्या नाहीत, किंवा फुलांवर कीटकनाशक मारलं गेलं तर असं होतं, पण ते एखाद्या बहराला होतं, पुढची फळं सुधारतात. तुमचं दोन वर्षं सलग चाललंय, म्हणून मला व्हायरसचा दाट संशय येतोय. रास्पबेरी बुशी ड्वार्फ व्हायरस म्हणतात त्याला, नावात ड्वार्फ असलं तरी झाड बरेचदा खुजं दिसतच नाही, मस्त वाढतं आणि फळ तेवढं बिघडतं. तो परागातून पसरतो, म्हणजे रोप निरोगी आलं तरी पुढे लागण होऊ शकते. मीकर 1967 साली वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीने आणलेली जात, चवीला फार गोड, पण याला लवकर बळी पडते.

यंदा एक करा, प्रत्येक झाडाला रंगीत दोरा बांधा आणि कुठल्या झाडाची फळं सुटतात ते लिहून ठेवा. त्याच त्या झाडांची सगळीच फळं सुटत असतील तर संशय पक्का, सगळीकडे थोडी थोडी सुटत असतील तर परागीभवन बघा. मग काउंटीच्या एक्स्टेन्शन ऑफिसमध्ये, म्हणजे शेती-बागकामाचा सल्ला देणाऱ्या कार्यालयात, मास्टर गार्डनर म्हणजे प्रशिक्षण घेतलेले स्वयंसेवक असतात त्यांना विचारून पानं लॅबला पाठवा. तेवढा खर्च कराच, कारण टोमॅटो रिंगस्पॉट नावाच्या व्हायरसनेही फळ असंच सुटतं आणि तो मातीतल्या सूत्रकृमींमुळे, म्हणजे मुळांना लागणाऱ्या अगदी बारीक जंतांमुळे पसरतो, तसं निघालं तर त्या जागेत परत रास्पबेरी लावायची नाही. मातीत बोरॉन हे झाडाला अगदी थोडं लागणारं अन्नद्रव्य कमी पडलं तरी दाणे भरत नाहीत, पण माती तपासल्याशिवाय घालू नका, ते जरा जास्त झालं तरी झाड जळतं.

व्हायरस निघाला तर औषध नाही. वाईट वाटेल, मुलांच्या आवडीची झाडं आहेत, पण मुळांसकट काढावी लागतील, राहिलेल्या मुळांतून फुटवे येत राहतात तेही उपटायचे. नवीन रोपं नर्सरीतून सर्टिफाइड व्हायरस-फ्री बघूनच घ्या आणि जुन्या रांगेपासून जमेल तेवढी लांब लावा. विलामेट जातीला बुशी ड्वार्फचा नेहमीचा प्रकार लागत नाही, चव जरा आंबट, पण जॅमला झकास.

आणि मैत्रिणींना फुटवे आत्ता देऊ नका हो. फुटव्यातून व्हायरस जसाच्या तसा त्यांच्या अंगणात जाईल. रिपोर्ट येईपर्यंत थांबा म्हणावं, आणि शेजारच्या आजींनाही त्यांची फळं सुटतात का ते विचारा.