ऐकू येत नाही म्हणून भजनाला बसायचं नाही?

प्रश्न : मुलगा नऊ वर्षांचा, जन्मापासून ऐकू येत नाही, मशीनचा फार उपयोग नाही. शेजारच्या कॅथलिक घरातली तशीच मुलगी रविवारी कॅटेकिझमला (चर्चच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाला) जाते, तिथे खुणांनी शिकवतात. आमचे भजनाचे सर म्हणाले, तो इथे काय करणार? चर्चकडे हे कधीपासून आहे? आणि शाळेत आमचा हक्क काय? – एक आई, डिचोली

उत्तर : ताई, पत्र वाचून खूप वाईट वाटलं, रागही आला. १७६० च्या आसपास पॅरिसमध्ये द लेपे नावाच्या पाद्रीला दोन बहिऱ्या बहिणी भेटल्या, त्यांना धर्म शिकवायचा म्हणून तो बहिऱ्यांच्या खुणा शिकला आणि त्यातूनच त्यांची मोफत शाळा उभी राहिली. आपल्याकडे मुंबईत माझगावला १८८५ मध्ये बिशप म्यूरिननी शाळा काढली. पण त्याआधीच, १८८० मध्ये, इटलीत मिलानच्या परिषदेत बहिऱ्यांच्या शिक्षकांनी ठरवून टाकलं होतं की खुणा नकोत, तोंडानेच बोलायला शिकवा, त्यात मुलांच्या पिढ्या भरडल्या. अजूनही कोणी म्हणालं की खुणा शिकवल्या तर बोलणार नाही, तर मुळीच ऐकू नका.

आपल्यात काहीच नव्हतं असं नाही हो. गुलाबराव महाराजांची दृष्टी तान्हेपणीच गेली, तरी दुसऱ्यांकडून वाचून घेऊन त्यांनी वेदान्तावर केवढं लिहिलं! पण आपलं सगळं कानावर आणि पाठांतरावर, त्यामुळे न दिसणाऱ्याला जागा मिळाली आणि न ऐकणारा दाराबाहेरच राहिला. तुमच्या सरांचं तेच झालंय.

शाळेचं म्हणाल तर २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा स्पष्ट आहे. चाळीस टक्के किंवा जास्त अपंगत्वाचं सर्टिफिकेट असेल तर सहा ते अठरा वर्षांपर्यंत शिक्षण मोफत, आणि जवळची शाळा की स्पेशल शाळा हे तुम्ही ठरवायचं. सरकारी किंवा मान्यताप्राप्त शाळेने अपंगत्वामुळे अॅडमिशन नाकारली तर लेखी मागा आणि राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करा.

भजनाच्या क्लासला शाळेचा हा नियम लागत नाही, तिथे बोलूनच मार्ग काढायचा. सरांना म्हणावं अभंग छापून द्या, आणि त्याला समोर बसवा म्हणजे हात आणि ओठ दिसतील. आणि चतुर्थीच्या आरतीला घुमट (मातीच्या मडक्याचं चामडं लावलेलं वाद्य) त्याच्याच हातात द्या, थाप बोटांना आणि पोटाला कळते, शेजारी समेळ हे जोडीचं वाद्य वाजवणाऱ्याचा हात बघत बघत तो ठेका धरेल.